तारा कृष्णविवराने गिळला, मग उजेड कसला?

माळव्यातला मध्या

मंडळी, मदत हवी आहे. आमच्या इंदूरच्या मराठी मंडळात गणेशोत्सवात एक संध्याकाळ व्याख्यानाची असते. यंदा बोलायचं काम माझ्या गळ्यात पडलंय. विषय मीच सुचवला, त्यामुळे कुरकुर करायची सोय नाही: तारा कृष्णविवराच्या फार जवळून गेला तर त्याचं काय होतं?

मी वाचलंय ते एवढंच की तारा फाटतो, त्याचा लांबलचक पट्टा होतो आणि त्यातलं बरंचसं कृष्णविवराच्या पोटात जातं. वरच्या मजल्यावरच्या काकूंना तालीम म्हणून हे ऐकवलं. काकू आयुष्यभर गणित शिकवून निवृत्त झाल्यात, सुटका नाही. म्हणाल्या, "मध्या, आधी म्हणालास तिथून उजेडसुद्धा सुटत नाही. आता म्हणतोस तारा गिळला तेव्हा दुर्बिणींना केवढा तरी उजेड दिसला. एक काय ते ठरव."

तर, उजेड येतो कुठून? आणि "फार जवळ" म्हणजे किती जवळ? आरती झाल्यावर सतरंजीवर बसलेल्या लोकांना समजेल असं सांगा. सूत्रं चालतील, पण एखाददुसरंच.

सराफ्याचा उल्लू

भिया, विषय गजब आहे. प्रोजेक्टर मात्र आधी तपासून घे. मागच्या वेळी आमच्याकडे वक्ता बोलत होता मंगळावर आणि पडद्यावर कोणाच्या तरी मुंजीचे फोटो.

खगोलवेडी

काकूंचा प्रश्न अगदी बरोबर जागी आहे. उत्तर आधी सांगते, कारणं मग.

उजेड कृष्णविवराच्या आतून येत नाही. ताऱ्याचा फाटलेला वायू आत जायच्या आधी बाहेर घिरट्या घालतो, एकमेकांवर आपटतो, तापतो, आणि तो तापलेला वायू चमकतो. कृष्णविवराभोवती एक हद्द असते, जिच्या आतून उजेडही परत येत नाही; तिला घटना क्षितिज म्हणतात. त्याच्या आत गेलं त्याचा हिशोब बंद. जे दिसतं ते सगळं क्षितिजाबाहेरचं.

आता तारा फाटतोच का? इथे बहुतेक लोक "कृष्णविवराची ओढ प्रचंड म्हणून" असं सांगून मोकळे होतात. नुसत्या ओढीने काही फाटत नाही. संपूर्ण तारा सारखाच ओढला गेला असता तर तो सुखाने एकसंध पडत राहिला असता. पण ताऱ्याची कृष्णविवराकडची बाजू जवळ आहे, पलीकडची लांब. जवळच्या बाजूला ओढ जास्त, लांबच्या बाजूला कमी. हा जो फरक, तो ताऱ्याला त्या दिशेने ताणतो आणि आडव्या बाजूंनी दाबतो. ताऱ्याला एकत्र धरून ठेवणारं त्याचं स्वतःचं गुरुत्वाकर्षण या फरकापुढे हरलं की तारा संपला.

आणि हा फरक फार झपाट्याने वाढतो. अंतर निम्मं केलं तर ओढ चौपट होते, पण ओढीतला फरक आठपट. म्हणून तारा बराच काळ मजेत येतो आणि शेवटच्या काही तासांत त्याचं होत्याचं नव्हतं होतं.

बडोदेकर

ताईंच्या "फरक महत्त्वाचा" याला जोड. पृथ्वीवर सूर्याची ओढ चंद्राच्या ओढीच्या साधारण १८० पट आहे. तरी समुद्राला भरती आणण्यात चंद्र सूर्याच्या दुपटीहून भारी पडतो. का, तर चंद्र जवळ आहे, त्यामुळे पृथ्वीच्या या बाजूच्या आणि त्या बाजूच्या ओढीत फरक जास्त पडतो. ताऱ्याला फाडणारं बल तेच, भरती-ओहोटीचं.

तुम्हा माळव्यातल्या लोकांना समुद्र लांब, म्हणून सांगतो. बडोद्याहून कावी-कंबोईला या. खंभातच्या आखाताच्या काठावर स्तंभेश्वर महादेवाचं देऊळ आहे. भरतीला देऊळ पाण्याखाली जातं, ओहोटीला मोकळं होतं, दिवसातून दोनदा. पुजारी घड्याळापेक्षा तिथी बघून वेळ सांगतात. आम्ही गेलो तेव्हा पाणी उतरल्यावर पिंडीभोवती चिखलाचा मऊ थर होता आणि माणसं चप्पल हातात घेऊन रांगेत उभी. एवढंसं चंद्रबिंब हे करतं. त्या जागी लाखो सूर्यांचं वस्तुमान ठेवून बघा.

शंकासुर

म्हणजे कृष्णविवर आजूबाजूचं सगळं ओढून घेतं हे आम्ही लहानपणापासून ऐकतोय ते काय?

खगोलवेडी

@शंकासुर, ती नुसती बदनामी आहे. उद्या सूर्य काढून त्याच्या जागी तेवढ्याच वस्तुमानाचं कृष्णविवर ठेवलं तर पृथ्वी आत्ता फिरते तशीच फिरत राहील. आपण गारठून मरू, पण ओढले जाणार नाही. लांबून बघितलं तर कृष्णविवर म्हणजे एक जड वस्तू, बस. भीती आहे ती जवळ जाण्याची. सूर्याच्या जवळ जायचं तर सात लाख किलोमीटरवर त्याचा पृष्ठभागच आडवा येतो. कृष्णविवर लहानखुरं, त्यामुळे त्याच्या खूपच जवळ जाता येतं. घोटाळा तिथे आहे.

ग्वाल्हेरचा हिशोबनीस

मध्याने "किती जवळ" विचारलं आणि कोणी आकडेच देईना. घ्या.

ताऱ्याची त्रिज्या घ्यायची. कृष्णविवराचं वस्तुमान ताऱ्याच्या वस्तुमानाच्या किती पट आहे ते काढायचं, त्याचं घनमूळ घ्यायचं. दोन्हींचा गुणाकार केला की साधारण ते अंतर येतं जिथे तारा फाटतो. मध्या, एक सूत्र चालेल म्हणालास ना, ते हे.

सूर्य: त्रिज्या ७ लाख किलोमीटर. कृष्णविवर १० लाख सूर्यांच्या वस्तुमानाचं. घनमूळ १००. म्हणजे ७ कोटी किलोमीटर. त्या कृष्णविवराचं घटना क्षितिज केंद्रापासून ३० लाख किलोमीटरवर. म्हणजे तारा क्षितिजाच्या बराच बाहेर फाटतो आणि जगाला तमाशा दिसतो.

आता गंमत बघा. कृष्णविवर मोठं करत गेलो तर क्षितिज वस्तुमानाच्या प्रमाणात वाढतं, पण फाटायचं अंतर घनमुळाने, म्हणजे हळूहळू. १० कोटी सूर्यांपाशी दोन्ही अंतरं जवळपास सारखी होतात, ३० कोटी किलोमीटरच्या आसपास. त्याहून बरंच मोठं कृष्णविवर असेल तर सूर्यासारखा तारा न फाटता अख्खा आत जातो. उजेड नाही, काही नाही. एप्रिल २०१९ मध्ये ज्याचा फोटो जगभर छापून आला ते एम-८७ या दीर्घिकेतलं (दीर्घिका म्हणजे आपल्या आकाशगंगेसारखा ताऱ्यांचा प्रचंड समूह) कृष्णविवर साडेसहाशे कोटी सूर्यांचं आहे. त्याच्यापुढे आपला सूर्य निमूट नाहीसा होईल. तांबडा राक्षसी तारा असेल तर तो इतका फुगलेला आणि सैल असतो की तिथेही फाटेल.

म्हणजे काकूंच्या मनात जे होतं, "गिळलं तर विझायला हवं", ते फार मोठ्या कृष्णविवरांना लागू आहे. काकू पूर्ण नापास नाहीत.

सराफ्याचा उल्लू

मोठ्यांच्या जवळ गेलं की आवाजही होत नाही. हे नोकरीत बघितलंय.

माळव्यातला मध्या

@हिशोबनीस दंडवत घ्या. काकूंना वाचून दाखवलं. "नापास" शब्दावर त्यांनी चष्मा काढून माझ्याकडे बघितलं, एवढंच सांगतो. त्यांनी घनमुळाचा हिशोब आमच्या वाण्याच्या बिलामागे करून तपासला आणि मान डोलावली.

त्यांचा पुढचा प्रश्न: फाटलेला तारा सगळाच्या सगळा आत जातो का?

खगोलवेडी

नाही! जवळजवळ निम्माच. खगोलशास्त्रज्ञ मार्टिन रीस यांनी १९८८ मध्ये 'नेचर' या विज्ञानपत्रिकेत हे चित्र मांडलं. तारा फाटतो त्या क्षणी कृष्णविवराकडच्या बाजूच्या वायूला निसटायला पुरेशी ऊर्जा नसते, तो बांधला जातो. पलीकडच्या बाजूच्या वायूला जास्तीची ऊर्जा मिळालेली असते, तो सेकंदाला हजारो किलोमीटर वेगाने कायमचा निघून जातो.

बांधला गेलेला निम्मा भागही लगेच आत पडत नाही. लांबलचक कक्षेत फिरून परत येतो. वरच्या उदाहरणातल्या, १० लाख सूर्यांच्या कृष्णविवरापाशी पहिला वायू परत यायला चाळीसेक दिवस लागतात, बाकीचा मागून येत राहतो, महिनोन् महिने, वर्षानुवर्षे, आणि येण्याचं प्रमाण ठरावीक पद्धतीने घटत जातं. परतलेला वायू मागून येणाऱ्या वायूवर आपटतो, कारण आइन्स्टाइनच्या सापेक्षतेमुळे तिथे कक्षा जागेवर राहत नाही, वळत जाते. त्या धडकांतून तबकडी तयार होते. आतल्या बाजूचा वायू लाखो अंश तापून क्ष-किरण फेकतो, बाहेरच्या भागातून अतिनील आणि साधा दिसणारा प्रकाश येतो. ऐन भरात हा उजेड अब्जावधी सूर्यांच्या तोडीचा असतो.

पोहेजिलबी

निम्मा तारा टाकून देतं? आमच्याकडे पानात टाकलं तर आजी उठू देत नव्हती.

ग्वाल्हेरचा हिशोबनीस

@पोहेजिलबी, निम्म्यावर भागत नाही. जो निम्मा परत येतो त्यातलाही सगळा पोटात जात नाही. वायू फार वेगाने येऊ लागला की तापलेल्या वायूचा स्वतःचाच प्रकाश मागच्याला बाहेर ढकलतो. आजींनी या कृष्णविवराला पंगतीतून उठवलंच असतं.

पण जेवढं जातं तेवढ्यात केवढी ऊर्जा निघते बघा. सूर्य हायड्रोजन जाळतो त्यात जळलेल्या वस्तुमानाचा ०.७ टक्के भाग ऊर्जेत बदलतो. आपल्या १,००० कोटी वर्षांच्या आयुष्यात तो स्वतःच्या वस्तुमानाचा हजारावा हिस्साही प्रकाश म्हणून देणार नाही. कृष्णविवराभोवतीच्या तबकडीत पडणारं वस्तुमान १० टक्क्यांच्या घरात ऊर्जा देऊ शकतं. म्हणून उजेड.

शंकासुर

सगळं ऐकायला छान आहे. पण कोट्यवधी प्रकाशवर्षं लांब एक ठिपका उजळतो आणि मावळतो. तारा फाटला हे ठरवलं कोणी? तारे आपले आपण फुटतातच की, त्याला अतिनवतारा म्हणतात हे आम्हालाही माहीत आहे.

खगोलवेडी

चांगली शंका, आणि खगोलशास्त्रज्ञही आधी हीच घेतात. अतिनवतारा दीर्घिकेत कुठेही फुटतो, हा उजेड बरोबर केंद्रातून येतो. अतिनवतारा काही आठवड्यांत थंड होत तांबूस पडतो, हा महिनोन् महिने वीस-तीस हजार अंशांवर निळसर टिकून राहतो. वर्णपटात, म्हणजे प्रकाश रंगारंगांत फोडून बघितला तर, हायड्रोजन-हीलियमच्या रेषा इतक्या रुंद की वायू प्रचंड वेगाने फिरतोय हे उघड होतं. आणि मावळण्याची चाल वायू परत येण्याच्या हिशोबाशी बऱ्यापैकी जुळते.

शंकासुर

"केंद्रातून" म्हणजे केंद्रापाशी अतिनवतारा फुटूच शकत नाही असं नाही ना. बऱ्यापैकी जुळते हेही मला बऱ्यापैकीच पटलं.

बडोदेकर

शंकासुर पटवून घेणार नाहीत, त्यांचं नावच तसं आहे. पुढे चला.

रात्रपाळी

आपल्या आकाशगंगेत हे कधी होणार?

ग्वाल्हेरचा हिशोबनीस

एका दीर्घिकेत दहा हजार ते एक लाख वर्षांतून एकदा असा अंदाज आहे. म्हणून एकाच ठिकाणी टक लावून बसत नाहीत, लाखो दीर्घिकांवर नजर ठेवणाऱ्या दुर्बिणी लागतात. १९९० च्या दशकात रोसॅट या जर्मन क्ष-किरण दुर्बिणीला पहिले संशयित सापडले. आता वर्षाला कितीतरी सापडतात.

आपल्या केंद्रातल्या कृष्णविवराचं वस्तुमान ४३ लाख सूर्य. सूर्यासारखा तारा ११ कोटी किलोमीटरच्या आत गेला तर फाटेल, म्हणजे पृथ्वी-सूर्य अंतराहूनही कमी. एस-२ नावाचा तारा १६ वर्षांत त्याला एक फेरी मारतो. मे २०१८ मध्ये सर्वात जवळ आला तेव्हा सेकंदाला ७,७०० किलोमीटर वेगाने गेला, पण अंतर होतं सुमारे १,८०० कोटी किलोमीटर. त्याला काहीही झालं नाही. एस-२ आणि त्याच्यासारख्या ताऱ्यांच्या कक्षा वर्षानुवर्षे मोजून रायनहार्ड गेन्झेल आणि अँड्रिया गेझ यांना २०२० चं नोबेल मिळालं, रॉजर पेनरोज यांच्यासोबत.

रात्रपाळी

इंदुरातून ती जागा दिसते का?

जानापावकर

कृष्णविवर नाही, पण दिशा दिसते. धनू आणि वृश्चिक यांच्या सीमेपाशी, मूळ नक्षत्राच्या बाजूला. आपल्याकडून दक्षिणेला अडतीस अंशांपर्यंत वर येतं, म्हणजे चांगलंच. अडचण अशी की संध्याकाळी नीट वर असतं तेव्हा पावसाळा असतो. मे महिन्यात मध्यरात्रीनंतर किंवा पावसाळा सरल्यावर अंधार पडता पडता नैर्ऋत्येला बघा. शहरातून बघण्यात अर्थ नाही, नुसता पिवळट उजेड. महूच्या पुढे जानापावला जा. चंबळ तिथूनच निघते. अमावास्येच्या आसपास आकाशगंगेचा पट्टा डोळ्यांनी दिसतो, आणि केंद्राच्या बाजूला तो फुगीर होतो तेही.

पोहेजिलबी

कृष्णविवर बसलंय मूळ नक्षत्राच्या दिशेला! आमच्या आजीला हे कळलं तर मुळावर जन्मलेल्या माझ्या भावाचं पुन्हा लग्न अडेल.

सराफ्याचा उल्लू

जानापावला डासांचं औषध न्या. आणि परतताना राऊपाशी चहा.

जानापावकर

राऊच्या चहावर वेगळा धागा काढा, इथे नको. मागच्या वेळी तीनशे प्रतिसाद झाले होते आणि दोन माणसं अजून एकमेकांशी बोलत नाहीत.

पुण्याची माहेरवाशीण

माहेर इंदूर, सासर पुणे, त्यामुळे दोन्हीकडून बोलते. या विषयात आपल्या लोकांचंही काम आहे ते व्याख्यानात जरूर सांगा. २०१९ मध्ये साडेएकवीस कोटी प्रकाशवर्षांवरच्या एका दीर्घिकेत तारा फाटताना दिसला, एटी२०१९क्यूआयझेड. काही वर्षांनी त्याच जागेवरून दर ४८ तासांच्या आसपास क्ष-किरणांचा झोत येऊ लागला. अर्थ असा लावला गेला की फाटलेल्या ताऱ्याची तबकडी पसरत पसरत इतकी रुंद झाली की कृष्णविवराभोवती आधीपासून फिरणारी दुसरी एखादी वस्तू, तारा किंवा छोटं कृष्णविवर, प्रत्येक फेरीत तिला आरपार भेदून जाते. २०२४ मध्ये हे प्रसिद्ध झालं. त्यात हबल आणि चंद्रा या अवकाश दुर्बिणींसोबत आपल्या भारतीय अवकाश दुर्बिणीची, अ‍ॅस्ट्रोसॅटची निरीक्षणं होती, आणि पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेतल्या संशोधकांचा सहभाग. अ‍ॅस्ट्रोसॅट सप्टेंबर २०१५ पासून वर आहे.

खगोलवेडी

+१. माझा आवडता मात्र एटी२०१८एचवायझेड. २०१८ मध्ये तारा फाटला, उजळला, मावळला, सगळं ठरल्यासारखं. लोकांनी वही मिटली. आणि २०२१ मध्ये रेडिओ दुर्बिणींना तिथून जोरदार संकेत मिळाले. तारा फाटल्यानंतर दोनेक वर्षांनी पदार्थ बाहेर फेकला गेला होता, प्रकाशाच्या निम्म्या वेगापर्यंत. इतका उशीर का, यावर अजून वाद आहेत.

शंकासुर

हे आवडलं. वाद आहेत म्हणणारा माणूस खरा.

माळव्यातला मध्या

मंडळी, एक घोळ. कार्यक्रमपत्रिका आली. मला वीस मिनिटं म्हणाले होते, आता अथर्वशीर्ष आणि पाककृती स्पर्धेच्या बक्षीस समारंभामध्ये सात मिनिटं उरलीत. काय गाळू?

ग्वाल्हेरचा हिशोबनीस

आकडे गाळू नकोस.

खगोलवेडी

नावं गाळ, ओढीतला फरक ठेव. भरतीपासून सुरू कर, उजेड कुठून येतो तिथे थांब. मोठं कृष्णविवर न फाडता गिळतं हे मध्ये टाक, लोक सावरून बसतात.

माळव्यातला मध्या

तसंच करतो. पण काकूंचं समाधान नाही. आज जिन्यात गाठून विचारलं: ताऱ्याला ग्रह असतील तर त्यांचं काय? आणि जोडतारे, म्हणजे एकमेकांभोवती फिरणारे दोन तारे असतील तर?

ग्वाल्हेरचा हिशोबनीस

ग्रह ताऱ्याला सैल बांधलेला असतो, तो आधी सुटतो. तेच सूत्र वापरा, ताऱ्याच्या त्रिज्येऐवजी ग्रहाच्या कक्षेची त्रिज्या घ्या. सूर्य-पृथ्वीसारखी जोडी आपल्या केंद्रातल्या कृष्णविवराकडे निघाली तर सुमारे २,४०० कोटी किलोमीटरवरच पृथ्वी सूर्याच्या हातून निसटेल. एस-२ याहून जवळून जाऊन आलाय. तारा शाबूत, घरदार गेलं.

जोडताऱ्यांचं तर खगोलशास्त्रज्ञ जॅक हिल्स यांनी १९८८ मध्येच सांगून ठेवलं होतं. जोडी फुटते, एक तारा कृष्णविवराभोवती अडकतो, दुसरा प्रचंड वेगाने दीर्घिकेबाहेर भिरकावला जातो. २०१९ मध्ये असा तारा सापडला, एस५-एचव्हीएस१. वेग सेकंदाला १,७०० किलोमीटरहून जास्त. कक्षा उलटी मोजत नेली तर ती आपल्या आकाशगंगेच्या केंद्रापाशी जाते, साधारण ४८ लाख वर्षांपूर्वी. तो आता परत येणार नाही.

माळव्यातला मध्या

काकू विचारतायत की त्याचा जोडीदार अजून तिथेच फिरतोय का.

खगोलवेडी

फिरत असू शकतो. केंद्राभोवती एस-२ सारखे बरेच तारे आहेत, आणि त्यातले काही अशाच फुटलेल्या जोड्यांमधले राहिलेले असावेत असं मानतात. काकूंना म्हणावं पुढच्या वर्षीचं व्याख्यान त्यांनीच द्यावं.

सराफ्याचा उल्लू

सात मिनिटांत आटपलं तर पहिला हार माझ्याकडून.